चीन आपलं आपण फिरायचा असेल तर : बीजिंग ते छंगदू, रेल्वेने

बाबांना चीनमध्ये एकच जागा बघायची होती, शिजियाझुआंग शहरातली, १९३८ मध्ये चीनला जाऊन तिथेच राहिलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी. आम्हीही सोलापूरचे, त्यामुळे का ते सांगायची गरज नाही. टूरवाल्यांकडे चौकशी केली, तर प्रत्येकाच्या आठ-नऊ दिवसांच्या कार्यक्रमात बीजिंग आणि शांघाय होतं, शिजियाझुआंग कुठेच नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनीच जायचं ठरवलं. मला चिनी भाषेचा गंध नव्हता आणि बाबा अडुसष्ट वर्षांचे. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांत पाच शहरं पाहून आलो. सगळा प्रवास रेल्वे, मेट्रो आणि पायी.

परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, कसं जमवलं? एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे ऐनवेळी खिडकीपाशी जाऊन, चार शब्द बोलून काम होतं, ही सवय तिथे सोडावी लागते. चीनमधली बहुतेक कामं पासपोर्टच्या नंबरावर आणि मोबाइलवर चालतात. त्या दोन गोष्टी घरी बसून नीट लावून घेतल्या, की तो देश फिरायला फार सोपा आहे. लावल्या नाहीत, तर चहासुद्धा मिळताना अडचण येते. म्हणून या लेखात घरच्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

पहिलं काम : नकाशावर एकच रेघ ओढा

चीन आकाराने आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट आहे. बीजिंग, शांघाय, ग्वेलिनचे डोंगर, युनान, ल्हासा हे सगळं एका खेपेत बसवायला गेलात, तर निम्मे दिवस विमानतळावर जातील. त्यापेक्षा एक रेल्वेमार्ग निवडा आणि त्यावर उतरत-उतरत पुढे जा. आमची रेघ अशी होती: बीजिंग, शिजियाझुआंग, लुओयांग, शीआन, छंगदू. बीजिंग ते शिजियाझुआंग २८१ किलोमीटर, वेगवान गाडीने तास-सव्वा तास. तिथून लुओयांग साधारण तीन तास, लुओयांग ते शीआन दीड-दोन तास, शीआन ते छंगदू साडेतीन-चार तास. एकही पाऊल उलट टाकावं लागत नाही. बीजिंगला उतरायचं आणि छंगदूहून परतीचं विमान पकडायचं. तिकिटं काढताना 'जाणं एका शहरात, येणं दुसऱ्या शहरातून' असा पर्याय शोधा.

तिबेट या रेघेत आणू नका. तिथे परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो आणि तो मान्यताप्राप्त एजन्सी व गाइडसह जाणाऱ्यालाच मिळतो. तो आपलं आपण फिरण्याचा भाग नाही.

कधी जायचं, यापेक्षा कधी जायचं नाही हे आधी बघा. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेपासूनचे पाच दिवस आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येणारं चिनी नववर्ष, या तीन वेळा अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणा आणि त्याला देशभराने गुणा. एप्रिल, ५ मेनंतरचा मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध हे दिवस चांगले. एप्रिलमध्ये बीजिंगला संध्याकाळी स्वेटर लागतो.

व्हिसा

यूट्यूबवर 'चीनमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय' असे व्हिडिओ दिसतील. ती २४० तासांची सवलत ठरावीक देशांच्या पासपोर्टला आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला पर्यटनाचा, म्हणजे 'एल' प्रकारचा व्हिसा लागतो. २०२० पासून बंद असलेले हे व्हिसे भारतीयांसाठी जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकाता–ग्वांगझू विमानाने थेट सेवाही परत सुरू झाली. महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईतल्या चिनी वकिलातीच्या अखत्यारीत येतं. अर्जाची पद्धत आणि कागदांची यादी बदलत असते, म्हणून ती वकिलातीच्या साइटवरूनच घ्या, कुणाच्या जुन्या अनुभवावरून नको. फोटो मात्र आपल्या नेहमीच्या पासपोर्ट आकाराचा चालत नाही. ३३ बाय ४८ मिलिमीटर आणि मागे पांढरा रंग, असं स्टुडिओत स्पष्ट सांगा.

हाँगकाँगमार्गे जाणार असाल आणि विमानतळाबाहेर पडणार असाल, तर भारतीयांना त्याची वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. नुसतं विमान बदलायचं असेल तर लागत नाही. आणखी एक फसगत इथेच होते. चीनमधून दोन दिवस हाँगकाँगला जाऊन परत चीनमध्ये येणं म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. तसा बेत असेल तर दोन प्रवेशांचाच व्हिसा मागा.

आणि नाव. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. व्हिसा, विमान, रेल्वे, हॉटेल, संग्रहालय, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. मी एका ठिकाणी बाबांचं मधलं नाव सवयीने गाळलं होतं. ते तिकीट रद्द करून पुन्हा काढावं लागलं. तेव्हापासून दोघांची नावं आणि पासपोर्ट नंबर मी फोनमधल्या नोंदवहीत लिहून ठेवले आणि प्रत्येक वेळी तिथूनच उचलले.

फोन आणि पैसे : यावर एक अख्खा रविवार घालवा

तिथे भाजीवालीच्या गाड्यावरही क्यूआर कोड लटकलेला असतो. हे आपल्याला नवीन नाही, पण आपल्या यूपीआयवर विसंबू नका. अलीपे आणि वीचॅट ही तिथली पैसे देण्याची दोन ॲप्स इथूनच उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क पडत नाही, त्याच्या वर ३ टक्के पडतात. एक युआन म्हणजे साधारण १२–१३ रुपये, तेव्हा रोजचं खाणं-पिणं आणि मेट्रो या मर्यादेत आरामात बसतं.

आता जिथे बहुतेकांची गाडी अडते ती जागा. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात. दुसरं म्हणजे ओटीपी. तो तुमच्या भारतातल्या नंबरवरच येणार. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल, तर पैसे खात्यात असून हातात नाहीत अशी गत होते. आमची झाली. बीजिंगच्या विमानतळावर दोन बाटल्या पाणी घ्यायला बाबांनी कोड स्कॅन केला, बँकेने ओटीपी पाठवला आणि तो आलाच नाही, कारण त्यांच्या सिमचं रोमिंग मी चालू करायला विसरले होते. मागे रांग लागली. माझ्या फोनवरून पैसे दिले म्हणून निभावलं, पण एकट्या माणसाचं काय झालं असतं? म्हणून निघण्याआधी दोन्ही सिम तपासा, आणि ५०० ते १००० युआन रोख जवळ ठेवा. तिथली सगळ्यात मोठी नोट १०० युआनची आहे. रोख पैसे नाकारता येत नाहीत, असा तिथला नियम आहे. दुकानदाराकडे सुटे नसतात ही अडचण मात्र येते, म्हणून दहा-वीसच्या नोटा हाताशी असू द्या.

इंटरनेटचं असं आहे की गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक हे तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत. भारतातल्या सिमचं रोमिंग किंवा परदेशी प्रवाशांसाठीचं ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये चालणारं सिम, घेतलं, तर डेटा देशाबाहेरून फिरून येतो आणि व्हॉट्सॲप चालतं. मी ईसिम डेटासाठी आणि भारतातलं सिम फक्त ओटीपीसाठी अशी वाटणी केली होती. घरच्यांना रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. ईसिम भारतातच खरेदी करून फोनमध्ये बसवा, तिथे पोचल्यावर फक्त चालू करा.

नकाशासाठी गूगलच्या भरवशावर राहू नका. त्यावर चीनमधल्या जागा सरकलेल्या दिसतात. अमॅप हे तिथलं ॲप आता इंग्रजीतही आहे, आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशा पुरतो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालेल. प्रत्येक हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोमन लिपीतलं नाव दाखवलं तर बऱ्याच टॅक्सीवाल्यांना वाचता येत नाही.

तिकिटं : तारखा आणि आपली घड्याळं

आपल्याकडे रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तिथे १५ दिवस आधी. सरकारी ॲपचं नाव नुसता आकडा आहे, १२३०६. त्यात इंग्रजी आहे. खातं उघडून पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून ते काम महिनाभर आधी उरका. तिकिटाचे पैसे अलीपेने भरता येतात. हे किचकट वाटलं, तर ट्रिप डॉट कॉमसारखी साइट थोडं शुल्क घेऊन तेच तिकीट काढून देते. पहिल्या खेपेला तसं करायला काहीच हरकत नाही.

गाडीच्या नंबराचं पहिलं अक्षर बघा. 'जी' म्हणजे सगळ्यात वेगवान, ताशी ३०० ते ३५० किलोमीटर. 'डी' त्याहून थोडी सावकाश. 'झेड', 'टी' आणि 'के' या जुन्या पद्धतीच्या, रात्रीच्या शायिका असलेल्या गाड्या. वेगवान गाडीत सेकंड क्लास उत्तम असतो, वरच्या वर्गावर पैसे घालवू नका. आसनं ए, बी, सी आणि पलीकडे डी, एफ अशी असतात, 'ई' नसतंच. खिडकी हवी तर ए किंवा एफ. बेत बदलला तर आठ दिवसांहून आधी तिकीट रद्द केल्यास पैसे कापत नाहीत, नंतर ५, १० आणि शेवटच्या चोवीस तासांत २० टक्के कापतात.

स्टेशन निवडताना दिशा नीट वाचा. एकेका शहरात चार-सहा स्टेशनं असतात आणि त्यांच्यात तासाभराचं अंतर असू शकतं. बेइ म्हणजे उत्तर, नान दक्षिण, दोंग पूर्व, शी पश्चिम. बीजिंग या नावाचा अर्थच उत्तरेची राजधानी. आमची गाडी बीजिंग-शीहून, म्हणजे पश्चिम स्टेशनातून होती. शीआनला वेगवान गाड्या शीआन-बेइला, म्हणजे उत्तरेच्या स्टेशनात येतात. हे चार शब्द पाठ केले की निम्मा नकाशा वाचता येतो.

बीजिंगचा राजवाडा, ज्याला निषिद्ध नगरी म्हणतात, त्याची तिकिटं तिथे खिडकीवर मिळतील या आशेवर जाऊ नका. ती पासपोर्ट नंबरावर, सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री आठला खुली होतात. आपलं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेपाच. त्या दिवशी साडेपाचला फोन हातात घेऊन बसा. सोमवारी राजवाडा बंद असतो, तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, इतर महिन्यांत ४०. शेजारच्या तिएनआनमेन चौकात शिरायलाही आगाऊ नोंदणी लागते, ती विसरली जाते.

बॅगेत काय

मूळ पासपोर्ट तिथे कायम अंगावर बाळगायचा असतो, तसा कायदाच आहे. त्यासाठी आतल्या बाजूला लावायची पिशवी घ्या. आपली तीन पिनांची वायर तिथल्या प्लगमध्ये बसत नाही, ॲडॉप्टर लागतो. वीज २२० व्होल्टचीच आहे. पॉवर बँकेवर '३सी' ही चिनी खूण नसेल, तर जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानांत ती नेऊ देत नाहीत. रेल्वेने फिरणार असाल तर याचा त्रास नाही, पण प्रत्येक रेल्वे आणि मेट्रो स्टेशनवर सामान यंत्रातून जातं. फळं कापायचा मोठा सुरा घरीच ठेवा.

ताजी फळं, दुधाचे पदार्थ, मांस, बियाणं चीनमध्ये नेता येत नाही. तूप आणि पेढेही त्यातच आले. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं नेली होती. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कडक भाकरी ही वाळवलेली, पापडासारखी पातळ ज्वारी-बाजरीची भाकरी. ती महिनाभर टिकते, वजनाला काही नाही, आणि प्रवासात हिच्यासारखा आधार नाही.

पोचल्याचा पहिला दिवस

आगमनाचा फॉर्म आता ऑनलाइन आधीच भरता येतो. त्यात पहिल्या हॉटेलचा पत्ता लागतो. परदेशी माणसाने चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे मुक्कामाची नोंद करायची असते. हॉटेलात उतरलात तर ती हॉटेलच करतं, तुम्हाला कळतही नाही. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर मात्र त्यांना घेऊन जवळच्या पोलिस ठाण्यात जावं लागतं. हॉटेल निवडताना ते परदेशी पाहुणे ठेवतात ना, हे आधीच्या परदेशी पाहुण्यांचे अभिप्राय वाचून पाहा. काउंटरवर 'याजिन' म्हणाले तर घाबरू नका, ती अनामत रक्कम असते, निघताना परत मिळते.

मेट्रोसाठी अलीपेमध्येच त्या शहराचा कोड काढता येतो, टॅक्सीसाठी दीदी हेही त्याच ॲपमध्ये आहे. बीजिंगची मेट्रो ३ युआनपासून सुरू होते. पहिल्या दिवशी यापलीकडे काही ठरवू नका. दोन स्टेशनं मेट्रोने जा, एक चहा घ्या, पैसे द्या, परत या. चहाला तिथे 'छा' म्हणतात, आपला 'चहा' त्याच्या इतका जवळचा आहे की बाबांना भाषांतराचं ॲप लागलंच नाही.

स्टेशनवर

चीनचं मोठं स्टेशन विमानतळासारखं असतं. गाडीच्या तासभर आधी पोचा. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. दारावर पासपोर्ट, सामानाची तपासणी, मग भलं मोठं प्रतीक्षागृह. फलाटाचं दार गाडीच्या साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी उघडतं आणि सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. बंद झालं की झालं, धावत जाऊन चढणं नाही.

त्या दाराशी पहिल्यांदा गोंधळ होतो. चिनी माणसं ओळखपत्र टेकवतात आणि झडप उघडते. बाबांनी पासपोर्ट तीनदा टेकवला, तिन्ही वेळा लाल दिवा लागला आणि मागचे लोक बाजूच्या रांगेत सरकू लागले. कडेला गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिने हात करून बोलावलं, पासपोर्टचं फोटोचं पान स्वतःच्या यंत्रावर धरलं, पडद्यावर बाबांचं नाव आलं आणि तिने आत जायची खूण केली. दहा सेकंदांचं काम. परदेशी पासपोर्टसाठी जवळपास सगळीकडे अशी माणूस असलेली कडेची रांग असते. थेट तिथेच जायचं.

प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. झाकणाचा स्टीलचा पेला आणि चहाची पुडी जवळ ठेवा. शेजारच्या आजोबांच्या हातातही तशीच बाटली असेल, फक्त तिच्यात पानं तरंगत असतील.

शिजियाझुआंग : चार तासांचा थांबा

इथे राहायची गरज नाही. मोठ्या स्टेशनांवर पैसे देऊन सामान ठेवता येतं. ते ठेवा, मेट्रोची ३ नंबरची मार्गिका घेऊन शिनबाय ग्वांगछांगला उतरा, १ नंबर पकडा, पुढचंच स्टेशन लिएशर लिंगयुआन, म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी. त्याच्या पुढचं स्टेशन हफिंग यीयुआन, शांतता रुग्णालय. कोटणीस ज्या इस्पितळाचे, कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या, प्रमुख होते, तेच हे. मेट्रोच्या पाटीवर ही दोन नावं शेजारी-शेजारी पाहून बाबा तिथेच थबकले.

१९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. चिनी लोक त्यांना के दीहुआ म्हणतात. स्मशानभूमीत वाट सापडली नाही, तर हे नाव उच्चारा. आम्ही झाडझूड करणाऱ्या एका बाईंना विचारलं, त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि थेट समाधीपर्यंत चालत आल्या. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे छिंगमिंग असतो, पितरांच्या आठवणीचा दिवस. तो होऊन चार दिवस झाले होते. समाधीच्या पायाशी पिवळ्या शेवंतीचे गुच्छ होते, कडेने सुकलेले, आणि एका गुच्छाला शाळेच्या वहीचा कागद दोऱ्याने बांधलेला. बाबांनी खिशातून एक पुडी काढली. घराजवळची माती होती. मला त्यांनी सांगितलंही नव्हतं. तुम्ही मात्र असं करू नका, परदेशात माती नेण्याची परवानगी नसते. फुलं मात्र जरूर न्या.

खाण्याचं

शाकाहारी माणसाने चीनला जावं का, हा मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. जावं, पण नीट सांगता आलं पाहिजे. 'वो छर सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. तेवढं पुरत नाही, कारण भाजी डुकराच्या चरबीत किंवा कोंबडीच्या अर्कात केलेली असू शकते. म्हणून 'मांस, मासे, चरबी, मांसाचा रस्सा, ऑयस्टर सॉस काहीही नको' असं चिनी भाषेत लिहून घेऊन त्याचा फोटो फोनवर ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. मापो तोफूमध्ये बहुधा खिमा असतो, नाव तोफूचं असलं तरी. दी सान श्येन, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, आणि आंबट-तिखट बटाट्याची किसलेली भाजी हे दोन पदार्थ उत्तरेत सगळीकडे मिळतात आणि आपल्या जिभेला लगेच पटतात. सकाळी मांतोउ हा साधा वाफवलेला पाव घ्या. त्याच्यासारखाच दिसणारा बाओझ मात्र सारण भरलेला असतो. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खानावळी सापडतात.

मांसाहारी मंडळींनी एक शब्द लक्षात ठेवावा. मेन्यूवर नुसतं 'रौ' असेल तर ते डुकराचं मांस. जी रौ कोंबडी, यांग रौ मटण, न्यो रौ गोमांस. छिंगझेन लिहिलेल्या मुस्लिम खानावळीत डुकराचं काही नसतं, पण गोमांस असतं.

बाजारात भाव विचारताना बोटांकडे लक्ष द्या. तिथे एका हाताने दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि तर्जनी दाखवली की आपल्याला दोन वाटतं, ते आठ असतं. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. बाबा संत्री दोन युआनला मिळाली म्हणून खूश झाले होते, ती आठला होती.

लुओयांग आणि शीआन

अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाने लुओयांगची लाँगमेन लेणी पाहायलाच हवीत. नदीकाठच्या कड्यात हजारो मूर्ती आहेत, आणि मधला वैरोचन बुद्ध सुमारे १७ मीटर उंच. सकाळी दार उघडतानाच जा. त्याच शहरातल्या श्वेताश्व मंदिराच्या आवारात सांचीच्या धर्तीवरचं एक भारतीय मंदिर आहे. २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. एप्रिलमध्ये लुओयांगला पिओनीची फुलं बघायला झुंबड उडते, तेव्हा हॉटेल लवकर ठरवा.

शीआनला पहिल्या चिनी सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या मूर्ती बघायला सगळे जातात. तिकीट १२० युआन. मेट्रोच्या ९ नंबर मार्गिकेने हुआछिंग छरला उतरून पुढे बस किंवा दीदी करा. रेल्वे स्टेशनबाहेर 'स्वस्तात नेतो' म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नका, ते आधी मूर्तींच्या दुकानात नेतात. माझं मन मात्र मोठ्या रानहंस पॅगोड्यापाशी जास्त रमलं. ह्युएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला तो ६५२ मध्ये बांधला. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात हा माणूस आपल्या महाराष्ट्रातून चालत गेला आणि आपल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं, की उपकार विसरत नाहीत आणि अपमानही. बाबांनी पॅगोड्यासमोर बसून मला हे दोनदा ऐकवलं. संध्याकाळी तिथे ल्यांगफी खा, तिखट तेलातल्या थंड नूडल्स, बहुतेक ठिकाणी शाकाहारीच असतात.

जपायच्या दोन-तीन गोष्टी

बीजिंगच्या वांगफुजिंग किंवा तिएनआनमेन भागात तरुण मुलं-मुली छान इंग्रजीत गप्पा सुरू करतील आणि 'चला, चहाघरात बसू' म्हणतील. हसून नाही म्हणा. बिल हजारो युआनचं येतं. लष्करी जागांचे आणि पोलिसांचे फोटो काढू नका. पोलिस ११०, रुग्णवाहिका १२०, आग ११९. हे तीन आकडे कागदावरही लिहून ठेवा. स्वच्छतागृहात कागद नसतो, खिशात असू द्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. बाकी रात्री अकराला एकटीने रस्त्याने चालताना मला कुठेच भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगते.

छंगदू : शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा

शीआनहून गाडी छिनलिंग पर्वतातून जाते, बोगद्यामागून बोगदा. छंगदूला पांडा बघायचे असतील तर सकाळी लवकर जा, नंतर ते झोपतात. एवढं झालं की दुसरं काही ठरवू नका. पीपल्स पार्कमधल्या जुन्या चहाघरात बांबूच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. एकदा चहा घेतला की गरम पाण्याचा थर्मास येतो आणि कितीही वेळ बसता येतं. आम्ही दोन्ही दुपारी तिथेच होतो. उरलेली कडक भाकरी बाबांनी शेजारच्या टेबलावरच्या आजींना दिली, शेंगाचटणी टाकून. त्यांनी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि अंगठा-तर्जनी वर करून आणखी मागितली. बाबा यावेळी चुकले नाहीत. त्यांनी आठ तुकडे मोजून दिले.